दुसऱ्या मालकाची मर्सिडीज

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात औरंगाबादेतील उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींनी एकविचाराने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. त्यांची किंमत सुमारे पासष्ट कोटी रुपये झाली, आणि ते शहर काही काळ देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजत राहिले. त्या खरेदीत हौस किती, अस्मिता किती आणि व्यवहार किती, याचा ऊहापोह त्याच वेळी पुष्कळ झालेला असल्यामुळे त्यात पुन्हा शिरण्याचे प्रयोजन नाही. आज तिचे स्मरण होण्याचे कारण निराळे आहे. त्या सुमारास देशात विकल्या गेलेल्या आलिशान मोटारींची नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत आता पुरी होत आहे, मधल्या काळात त्या पिढीतल्या पुष्कळशा मोटारींचे मालक एकदा-दोनदा बदलून गेले आहेत, आणि ज्या मध्यमवर्गीय घरी आजवर एक साधी लहान मोटार नांदत आली त्या घरचा कर्ता माणूस रविवारी सकाळी चहा घेता घेता हिशेब मांडू लागला आहे, की चाळीस-पन्नास लाखांना घेतलेली मर्सिडीजची ई-क्लास जर दहा-बारा वर्षांनी आठ-दहा लाखांत मिळत असेल, तर तेवढ्याच पैशांत नवी हॅचबॅक घेण्यात शहाणपण ते कोणते?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरसकट होकारार्थी किंवा नकारार्थी देता येत नाही, आणि जे तसे देतात त्यांनी एकतर अशी मोटार कधी बाळगलेली नसते किंवा त्यांना ती विकायची असते.

अशा मोटारीची किंमत इतक्या वेगाने का उतरते, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण सर्वसाधारण ग्राहक समजतो तसे ते झिजेचे लक्षण नव्हे. आलिशान मोटारींचा पहिला मालक बहुधा व्यक्ती नसून कंपनी असते. आयकराच्या हिशेबात मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा दाखवता येत असल्यामुळे चार-पाच वर्षांत कंपनीच्या दफ्तरी तिचे मूल्य निम्म्यावर येते आणि नव्या मोटारीची मागणी संचालकांच्या मनात उभी राहते. ज्याला नवी मर्सिडीज परवडते त्याला जुनी नको असते, आणि ज्याला जुनी परवडेलशी वाटते त्याला बँक दहा वर्षांच्या मोटारीवर सुखासुखी कर्ज देत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक थोडे आणि माल पुष्कळ अशी स्थिती होते. याशिवाय दुरुस्तीच्या खर्चाविषयीची धास्ती आहेच, आणि ती निराधार नाही. पडत्या काळात सरदाराचा वाडा कवडीमोलाने मिळून जातो, परंतु त्याची कौले शाकारायला येणारा कामगार नव्या मालकाची ऐपत पाहून मजुरी ठरवीत नसतो. तो कौले मोजतो. मोटारीचेही तसेच आहे. बाजारात तिची किंमत आठ लाख असली, तरी तिचा हेडलॅम्प, तिचा गिअरबॉक्स आणि तिचे शॉकॲब्सॉर्बर हे पन्नास लाखांच्या मोटारीचेच राहतात.

आता, अशा जुन्या मोटारींत डिझेलवर चालणाऱ्यांचीच गर्दी का, या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या कारखान्यात नसून सरकारी धोरणात सापडते. २०१० च्या जून महिन्यात पेट्रोलचे दर सरकारने बाजाराच्या हवाली केले, पण शेतकरी आणि मालवाहतूकदार यांची अडचण लक्षात घेऊन डिझेलवरचे नियंत्रण मात्र कायम ठेवले. परिणाम असा झाला, की २०१२ च्या उन्हाळ्यात मुंबईत या दोन इंधनांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत पडली, आणि शेतकऱ्याच्या पंपासाठी ठेवलेल्या सवलतीचा लाभ उद्योगपतीच्या लिमोझिनलाही मिळू लागला. पुढे २०१३ च्या आरंभापासून महिन्याला पन्नास पैशांच्या पायरीने डिझेल वाढत गेले आणि १९ ऑक्टोबर २०१४ रोजी तेही नियंत्रणमुक्त झाले. परंतु तोवर या श्रेणीतील ग्राहकाला डिझेलची सवय जडली होती. आज आपल्यापुढे विक्रीस येणारी ई-क्लास, बीएमडब्ल्यूची पाचशे वीस डी किंवा औडीची ए-सिक्स ही त्या सवयीची आणि त्या दरपत्रकाची अपत्ये आहेत.

महाराष्ट्राचा या मोटारींशी संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नाही. मर्सिडीजची हिंदुस्थानातील कंपनी १९९४ साली पुण्यात स्थापन झाली, पुढल्या वर्षी पिंपरीस टेल्कोच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली आणि २००९ साली कंपनीने चाकणला आपला स्वतंत्र कारखाना उभारला. औडीच्या मोटारीही औरंगाबादेजवळ शेंद्र्याला जुळवल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या मालकाला याचा फार मोठा आणि सहसा कोणी न सांगितलेला फायदा असा, की या कंपन्यांच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे हात घातलेले, पुढे नोकरी सोडून स्वतःचे गॅरेज थाटलेले कुशल मेकॅनिक या पट्ट्यात सापडू शकतात. ज्या गावी असा माणूस नाही त्या गावी अशी मोटार नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार कोणती घ्यावी याआधी मेकॅनिक कोण, हे ठरले पाहिजे.

डिझेल मोटारीची कीर्ती दीर्घायुष्याची आहे आणि ती एका काळी सर्वस्वी खरी होती. १९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने आपली २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार मांडली. तिच्या अडीच लिटरच्या इंजिनातून अवघी पंचेचाळीस अश्वशक्ती निघत असे. पुढल्या चाळीस वर्षांत त्या परंपरेतून जी मंदगती, धडधडणारी, पण झिजता झिजत नाही अशी इंजिने निपजली, त्यांतल्याच एका १९७६ सालच्या २४० डी ने ग्रीसमध्ये टॅक्सी म्हणून शेहेचाळीस लाख किलोमीटर पुरे केले आणि ती मोटार आज कंपनीच्या संग्रहालयात आहे. परंतु त्या टॅक्सीच्या पुण्याईवर आजची मोटार खरेदी करणे म्हणजे आजोबांची प्रकृती पाहून नातवाचा विमा उतरवण्यासारखे आहे. १९९७ साली कॉमन रेल ही पद्धती प्रवासी मोटारींत आली आणि डिझेल इंजिनाचा स्वभावच पालटला. या पद्धतीत इंधन एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवलेले असते आणि संगणकाच्या आज्ञेनुसार इंजेक्टर त्याचा सूक्ष्म फवारा सोडतात. २००९ च्या पुढच्या ई २५० सीडीआय मोटारीत हा दाब दोन हजार बारपर्यंत जातो, एकामागे एक असे दोन टर्बो बसवलेले असतात, आणि २१४३ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांतून २०४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर इतका आघूर्ण (टॉर्क) काढून घेतला जातो. भोर घाटात चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, चार माणसे आणि सामानासह, मोटार अगदी निवांतपणे चढ चढते ती या आघूर्णामुळे. आणि तो एकदा अनुभवल्यावर माणसाचा विवेक काही काळ सुटतो, हेही मान्य केले पाहिजे.

पण एवढ्या दाबाखाली काम करणाऱ्या इंजेक्टरला अशुद्ध इंधन खपत नाही. डिझेलमधील पाणी किंवा बारीक कचरा जुन्या टॅक्सीने धूर काढून पचवला असता. येथे तो थेट इंजेक्टरच्या टोकावर घाव घालतो, आणि चार इंजेक्टरांचा संच बदलण्याची पाळी आली, की खर्चाचा आकडा लाखांत मोजावा लागतो. याच इंजिनाच्या पहिल्या काही वर्षांतील पिझो पद्धतीचे इंजेक्टर दगा देतात अशी तक्रार जगभर झाली आणि कंपनीने पुढे निराळ्या, सोलेनॉइड पद्धतीचे इंजेक्टर वापरण्यास आरंभ केला. म्हणून २०१० किंवा २०११ ची मोटार पाहताना ते बदलले आहेत काय, याचा लेखी दाखला मागावा.

दुसरी गोष्ट टायमिंग चेनची. ही साखळी इंजिनाच्या झडपांचा आणि पिस्टनांचा ताळमेळ राखते आणि ती तुटली तर इंजिन त्याच क्षणी निकामी होते. पूर्वी ती इंजिनाच्या पुढल्या अंगाला असे. परंतु पादचाऱ्याच्या सुरक्षेसाठी बॉनेट उतरते ठेवण्याची गरज आणि जागेची टंचाई यांमुळे मर्सिडीजच्या या इंजिनात आणि बीएमडब्ल्यूच्या त्याच काळातील दोन लिटर डिझेल इंजिनात ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला नेण्यात आली. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ या काळातील इंजिनांत ही साखळी अकाली झिजण्याबद्दल पुष्कळ बोभाटा झाला. मागच्या अंगाला असल्यामुळे ती व्यवस्थित बदलायची म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणे आले, आणि त्या कामाची मजुरी सुट्या भागाच्या किमतीहून जास्त. सकाळी थंड इंजिन प्रथम सुरू करताना मागून धातूची खरखर ऐकू आली तर तो सौदा तेथेच सोडावा. विक्रेत्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत उत्पादकांनीच एक भ्रम निर्माण करून ठेवला आहे. त्यातील तेल आयुष्यभर पुरते, असे अनेक कंपन्या एके काळी सांगत; आयुष्य कोणाचे, गिअरबॉक्सचे की वॉरंटीचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. बीएमडब्ल्यूसाठी आठ गिअरांचा बॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. आपल्याकडील वाहतूक, उष्णता आणि ‘चालतंय ना, मग कशाला उघडायचं’ हे सनातन तत्त्वज्ञान लक्षात घेता ते त्याहूनही आधी बदललेले बरे.

जितकी मोटार मोठी तितकी तिच्यात वयाने थकणारी यंत्रणा अधिक. एस-क्लासमध्ये स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. त्या जुन्या झाल्या की सूक्ष्म छिद्रे पडतात, हवा भरता भरता कंप्रेसरही जळतो, आणि रात्री उभी केलेली मोटार सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली आढळते. २००२ साली आलेल्या ई-क्लासमध्ये तर ब्रेकच विजेच्या आज्ञेवर चालत आणि त्याचा पंप आपण किती वेळा ब्रेक दाबला याची गणती ठेवी. ठरावीक आकडा गाठला की पंप बदलण्याची सूचना येई. जर्मनीच्या महामार्गावर त्या गणतीला पुष्कळ वर्षे लागली असती. दादरहून अंधेरीस रोज जाणाऱ्या माणसाला तेवढी सवड कोठली! कंपनीने २००४ आणि २००५ साली या पद्धतीच्या लाखो मोटारी परत बोलावल्या आणि २००६ च्या सुधारित आवृत्तीत तिला रजा दिली. तेव्हा त्या पिढीची ई-क्लास घ्यायचीच असेल, तर २००६ नंतरची घ्यावी.

डिझेलच्या धुराविरुद्ध झालेल्या कायद्यांनी आणखी एक अट घातली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकानुसार इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांपर्यंत खाली आले आणि धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी अडवलेली काजळी मधूनमधून सुमारे सहाशे अंश तापमानात जाळून टाकते. पण त्यासाठी मोटार काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. कोथरूडहून डेक्कनला जाऊन येणाऱ्याच्या मोटारीला हे कधीच साधत नाही. मग जाळण्याचा उपक्रम अर्धवट राहतो, जादा सोडलेले डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते आणि गाळणी चोंदते. यावर काही गॅरेजवाले गाळणी काढूनच टाकण्याचा सल्ला देतात. तो बेकायदेशीर आहे, आणि आपल्याच मुलांच्या फुप्फुसांशी केलेला तो व्यवहार आहे, एवढे सांगून पुढे जातो.

पाण्याचा विषय मात्र कोकण-मुंबईच्या वाचकासाठी थोडा विस्ताराने मांडावा लागेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी बुडाल्या. तेव्हापासून दर मोठ्या पावसानंतर काही महिन्यांनी चकचकीत, सुगंधित आणि आश्चर्यकारक स्वस्त मोटारी बाजारात येतात, हे जाणकारांना ठाऊक आहे. डिझेल इंजिनात हवा पंधरा-सोळापट दाबली जाते. तिच्या जागी पाणी शिरले तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी विमा पॉलिसी असे नुकसान बहुधा नाकारते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. बुडालेली मोटार ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे काय ते पाहावे, डिकीतील स्टेपनीखालचा खळगा तपासावा आणि पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा.

किलोमीटरचा आकडा हा जुन्या मोटारीच्या व्यवहारातला सर्वांत लवचीक पुरावा असतो. डॅशबोर्डवरील आकडा मागे फिरवणे अवघड नाही. पण तोच आकडा मोटारीच्या इतर संगणकांतही कोठे कोठे नोंदला गेलेला असतो आणि कंपनीच्या स्कॅनरने तो वाचता येतो. चासी क्रमांक देऊन अधिकृत कार्यशाळेतील दुरुस्तीचा इतिहास मागवता आला तर उत्तमच. टायरवरचे चार अंक आठवडा आणि साल सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मोटारीला टायरचा तिसरा संच बसलेला असेल, तर त्याचा खुलासा मागण्यात संकोच कसला? काचांवरही सालाची खूण असते, आणि एकच काच इतरांहून अलीकडची निघाली तर अपघाताची चौकशी करावी. कंपनीच्या मोटारीत चालकाच्या आसनापेक्षा मागच्या डाव्या आसनाचे चामडे अधिक घासलेले असते. ते शुभलक्षण समजावे, कारण अशी मोटार बहुधा वेळच्या वेळी कार्यशाळेत गेलेली असते आणि बिलाची चिंता वापरणाऱ्याला नव्हती.

कागदपत्रांचे प्रकरण रुक्ष असले तरी येथेच माणसे अधिक फसतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतराची वर्दी द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात, आणि मोटार बँकेकडे तारण असेल तर नमुना ३५ वर बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला लागतो. कोऱ्या नमुन्यांवर विक्रेत्याच्या सह्या घेऊन ते दलालाच्या खणात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की मोटार हातोहात कितीही जणांकडे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दफ्तरी ज्याचे नाव आहे त्याचीच. तेव्हा ही कोरी सही विक्रेत्याच्याच गळ्याचा फास ठरू शकते. विम्यातील नो क्लेम बोनस हा मोटारीचा नसून व्यक्तीचा असतो, त्यामुळे जुन्या मालकाची पन्नास टक्के सवलत आपल्याला मिळत नाही, आणि खरेदी झाल्यावर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवले नाही तर आपल्याच मोटारीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो.

दिल्लीच्या नंबरची मोटार महाराष्ट्रातील मोटारीपेक्षा एक-दोन लाखांनी स्वस्त मिळते, त्याची कथा अशी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना राजधानी परिसरात मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला; दरम्यान, डिसेंबर २०१५ पासून सुमारे आठ महिने दोन हजार घनसेंटिमीटर आणि त्यावरच्या डिझेल मोटारींची तेथे नोंदणीच बंद होती. अलीकडे त्या मनाईच्या अंमलबजावणीत फेरफार झाले असले, तरी तेथील मालकांच्या मनातली धाकधूक गेलेली नाही. असली मोटार येथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक हे सर्व ओघाने येते. तो खर्च आणि हेलपाटे धरले की स्वस्ताई पुष्कळशी विरघळते.

शेवटी इंधनाचा हिशेब. समजा डिझेल मोटार लिटरला तेरा किलोमीटर जाते आणि तशीच पेट्रोल मोटार साडेनऊ. डिझेल नव्वद रुपये आणि पेट्रोल एकशेचार. वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणाऱ्या माणसाची बचत ऐंशी हजारांच्या घरात जाते, म्हणजे वार्षिक देखभालीचा मोठा भाग तीतून निघतो. शिवाय लांब पल्ल्यामुळे मोटारीची प्रकृतीही सुधारते. सहा हजार किलोमीटर धावणाऱ्याची बचत पंचवीस हजारांनाही पोहोचत नाही आणि एका इंजेक्टरात ती संपते. पुणे-कोल्हापूर किंवा नाशिक-मुंबई अशी नित्य फेरी असलेल्या व्यावसायिकाने, खरेदीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला काढता येत असेल, तर अशी मोटार जरूर घ्यावी. तीच रक्कम कर्जाच्या हप्त्यात बांधली जाणार असेल तर घेऊ नये. मग नवी हॅचबॅक बरी, आणि तीही पेट्रोलची.

सुट्या भागांचा खर्च आवरता येतो. भाग बनवणाऱ्या मूळ उत्पादक कंपन्यांनीच आपल्या नावाने विकलेले फिल्टर आणि ब्रेकपॅड मोटार कंपनीच्या चिन्हाविना बरेच स्वस्त मिळतात. दरवाजे, दिवे, आरसे असले भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुने मिळतात, आणि घासाघीस करणाऱ्याला सवलतही मिळते. सुरक्षेचे भाग, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, तेथून घेऊ नयेत. पंधरा वर्षे पुरी झाली, की योग्यता-तपासणी, पर्यावरण कर आणि २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलेले नूतनीकरण शुल्क भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. ज्याला ते करावयाचे नसेल त्याने चौदावे वर्ष संपण्याआधी मोटार विक्रीस काढावी, कारण पंधरावे लागताच गिऱ्हाईक पहिल्याने हाच प्रश्न विचारते.